फौजदारांची हजेरीवही

ज्या माणसानं मला पाच महिने चोर समजून वागवलं, त्याच्याबद्दल मी चांगलं लिहायला बसले आहे. आईला कळलं तर म्हणेल, "तुला अजून अक्कल आली नाही." आली नसेलही. पण ज्यांनी माझ्याशी गोड बोलून काटा काढला त्यांच्याबद्दल लिहावंसं वाटत नाही, आणि या गृहस्थांबद्दल वाटतं, त्याला मी काय करू?

ऑफिसात सगळे त्यांना फौजदार म्हणत. तोंडावर अर्थात 'सर'. वय छप्पन्न, अंगानं किडकिडीत, शर्टाच्या खिशात एक शाईचं पेन आणि एक पेन्सिल. चष्मा दोरीनं गळ्यात अडकवलेला, कारण टेबलावर ठेवला तर 'कुणीतरी हलवतं'. पाण्याची बाटली कडीकुलपात. आपल्या खुर्चीची उंची आदल्या दिवशी होती तेवढीच आहे ना, हे पाहिल्याशिवाय ते बसत नसत.

आमची कंपनी क्लाउडची. नाव ढगाचं असलं तरी प्रकार जमिनीवरचाच आहे. एका थंडगार हॉलमध्ये हजारो कॉम्प्युटर रांगेनं उभे असतात आणि बाहेरचे लोक ते भाड्यानं वापरतात. प्रत्येक कॉम्प्युटरला इंटरनेटवर एक पत्ता लागतो, नाहीतर त्याच्यापर्यंत काही पोचत नाही. हे पत्ते वाटायचं काम बावीस वर्षं फौजदारांकडे होतं. पत्ते मोजके आणि मागणारे ढीगभर. त्यामुळे चांगले टायवाले मॅनेजर त्यांच्या टेबलाशी उभे राहून "सर, एखादा पत्ता मिळाला असता तर..." असं घुटमळत म्हणायचे. फौजदार मान वर न करता एकच शब्द विचारायचे, "कशाला?"

रोज सकाळी नऊला, घोटभर पाणीही न पिता, ते हजेरी घेत. त्यांनी तरुणपणी लिहिलेला एक छोटा प्रोग्रॅम होता. तो प्रत्येक पत्त्याला हाक मारायचा आणि कुणी ओ दिली ते दाखवायचा. चार हजार शहाण्णव पत्ते, दहा मिनिटांचं काम. वहीत नोंद नसलेल्या एखाद्या पत्त्यावरून ओ आली, की फौजदार स्वेटर चढवून हॉलमध्ये जात आणि तो कॉम्प्युटर कुणाचा हे कळेपर्यंत चहाला शिवत नसत.

ती वही म्हणजे जाड पुठ्ठ्याचं लांबट रजिस्टर होतं. त्याच्या पहिल्या पानावर हॉलच्या फायरवॉलला हात लावू शकणाऱ्यांची नावं असत. फायरवॉल म्हणजे आमचं फाटक. कोण आत येईल, कोण बाहेरच राहील, याचे नियम तिथे लिहिलेले असतात. जुन्यांची नावं शाईनं आणि नव्यांची पेन्सिलीनं. एक वर्ष पेन्सिल, मग शाई. पेन्सिलवाल्यानं नवा नियम मागावा. जुने नियम त्याला दिसणार नाहीत. आणि ज्याच्या चुकीनं गिऱ्हाईक अडलं, त्याची शाई जाऊन पुन्हा पेन्सिल. हा कायदा फौजदारांनी स्वतः केला होता आणि दोघांना लावलाही होता. पहिलं नाव त्यांचं, निळ्या शाईत, खाली रेघ मारलेलं.

मला घेतलं होतं ते पत्ते संपले म्हणून. जुन्या पद्धतीला ऑफिसात 'फोर' म्हणत आणि नव्या पद्धतीला 'सिक्स'. सिक्समध्ये पत्ते इतके, की कुणी कुणाकडे मागायलाच नको. आमच्या क्लाउडला सिक्स शिकवायचं, एवढं एकच माझं काम होतं. मुदत सहा महिने. जमलं तर नोकरी पक्की, नाहीतर नमस्कार. जुनी नोकरी सोडून आणि आईला घेऊन मी या शहरात आले होते. आईला मात्र मी नोकरी पक्की असल्याचं सांगितलं होतं. नाहीतर ती तिचं घर सोडून आलीच नसती.

नेटवर्कच्या एका कप्प्याला आम्ही खोली म्हणतो. पहिल्याच मीटिंगमध्ये फौजदारांनी विचारलं, "मॅडम, सिक्समध्ये एका खोलीला किती पत्ते?"

मी आकडा सांगितला. त्यांनी तो लिहून घेतला आणि त्यातले अंक दोनदा मोजले.

"मग हजेरी कशी घ्यायची?"

"घेताच येत नाही, सर. सेकंदाला दहा लाख हाका मारल्या तरी एका खोलीची हजेरी संपायला साडेपाच लाखांहून जास्त वर्षं लागतील."

सगळे हसले. फौजदार हसले नाहीत. "म्हणजे आत कोण बसलंय ते कुणालाच कळणार नाही," ते म्हणाले, "आणि हे तुम्ही चांगलं म्हणून सांगताय." त्यांनी वही मिटली. त्या दिवसापासून मी त्यांच्या डोळ्यांत खुपू लागले.

त्यांच्या या स्वभावाला कारण होतं, ते मला नंतर कळलं. एकोणीस वर्षांपूर्वी कुणा अनोळखी लोकांनी बाहेरून आमच्या कॉम्प्युटरांना इतक्या हाका मारल्या होत्या, की ओ देता देता सगळा हॉल दोन दिवस बंद पडला. तेव्हा फौजदारांनी फाटकावर एक नियम टाकला: गिऱ्हाइकाचा माल ये-जा करेल, पण बाहेरून कुणी हाक मारो, निरोप पाठवो, ते आत सोडायचं नाही. हॉल वाचला. त्यांना सभेत हार घातला गेला. हार वाळून गेला, पण फोटो अजून त्यांच्या टेबलाच्या काचेखाली आहे. दुधानं तोंड पोळलेला माणूस ताकही फुंकून पितो म्हणतात. हे तर पाणीही फुंकत होते.

मी पहिल्याच आठवड्यात सतरा मागण्यांची यादी दिली. फौजदारांनी प्रत्येकीवर "कशाला?" विचारलं आणि पटलं तिथे टिक केली. सतराच्या सतरा ठिकाणी टिक व्हायला दोन महिने गेले. मग आम्ही पहिलं गिऱ्हाईक सिक्सवर नेलं. हे एक एक्स-रे केंद्र होतं. त्यांच्या बारा नव्या शाखा उघडणार होत्या आणि त्यांना द्यायला जुने पत्ते शिल्लक नव्हते. डॉक्टर आपापल्या घरून आमच्या कॉम्प्युटरवरची चित्रं उघडून बघत.

तासाभरात फोन आला. पेशंटची यादी दिसते, चित्र उघडत नाही.

मी माझ्या टेबलावरून उघडलं. लख्ख उघडलं. "माझ्याकडे चालतंय," मी म्हणाले. आमच्या धंद्यात याहून बिनकामाचं वाक्य नाही. आम्ही गिऱ्हाईक परत फोरवर नेलं. तीन आठवड्यांनी पुन्हा सिक्सवर नेलं, पुन्हा तेच. छोट्या गोष्टी जात, मोठ्या अडकत; तेही काही डॉक्टरांच्याच, सगळ्यांच्या नाही.

मला वाटलं होतं तेच मी विचारलं. "सर, वाटेत काही अडलं की बाहेरून परत येणारे निरोप आत येतात ना? माझी नववी मागणी."

"टिक केली आहे."

"मला फाटकाचे सगळे नियम बघायला मिळतील?"

"कशाला?"

इथे माझ्या मनात पाल चुकचुकली. हा माणूस बावीस वर्षं पत्ते वाटून मोठा झाला. पत्ते फुकट झाले तर याच्या टेबलाशी कोण उभं राहणार? सिक्स पडलं तर सगळ्यात सुखानं कोण झोपेल? मी त्यांच्यावर नजर ठेवायला लागले. ते चहाला गेले की त्यांचा स्क्रीन बघायची. ते माझ्यावर नजर ठेवून होतेच. आम्ही दोघं इतके एकमेकांकडे बघत होतो, की कामाकडे बघायला तिसरा माणूस ठेवावा लागला असता.

एकदा त्यांची वही उघडी राहिली होती. माझ्या कर्मचारी क्रमांकाखाली ओळीनं नोंदी होत्या. 'जिन्यात फोन. हळू आवाज. ११.४०.' 'जिन्यात फोन. डोळे पुसले. ४.१५.' त्यापुढे पेन्सिलीनं 'कोणाला?'

फोन आईला असायचे. "पक्कं झालेलं पत्र घरी दाखवायला कधी आणतेस?" एवढंच ती विचारायची. मी खोटं बोलायची, म्हणून हळू बोलायची. त्या नोंदी वाचून मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

तिसऱ्यांदा सिक्स पडलं तेव्हा शुक्रवार होता. आमच्या साहेबांनी मला केबिनमध्ये बोलावलं. साहेब वाईट माणूस नव्हता. त्याला फक्त गोष्टी लवकर संपवायला आवडत. "सोमवारी दहाला बसू," तो म्हणाला. "सरांच्या वहीत तिन्ही वेळी शेवटचा हात तुमचा आहे. तोपर्यंत काही सापडलं तर ठीक, नाहीतर सिक्स गुंडाळू." माझा सहावा महिना सोमवारीच सुरू होत होता. सिक्स गुंडाळलं की मीही त्यातच गुंडाळली जाणार होते.

रविवारी सकाळी मी पत्ता शोधत फौजदारांच्या घरी गेले. भांडायलाच गेले होते, उगाच खोटं का बोलू? दुसरा मजला, अरुंद जिना, मध्येच काटकोनात वळणारा. मी बेल वाजवली.

"कोण?" आतून आवाज आला.

"मी."

"मी कोण?"

"ऑफिसातली."

"ऑफिसातली कोण?"

"सर, सिक्सवाली."

दाराच्या भोकात डोळा आला. "कार्ड दाखवा." रविवारच्या दिवशी, घाम पुसत, मी त्या भोकासमोर माझं कार्ड धरलं.

"अहो, उघडा की. पोरगी उन्हातून आली आहे." हा त्यांच्या बायकोचा, काकूंचा आवाज. तीन कड्या निघाल्या.

खोली नीटनेटकी होती, पण पलंगावर कपड्यांची गाठोडी रचलेली आणि समोरची भिंत एका पुरुषाच्या उंचीएवढी रिकामी. मी त्या भिंतीकडे पाहिलं तशा काकू म्हणाल्या, "बघ, तूच बघ. महिना झाला. कपाट मागवलंय मी, माझ्या पसंतीचं. येईना. मी म्हणतेय दुकानदार लबाड. काल शेवटी मीच दुकानात गेले, तर तो माझ्यावरच उखडला. म्हणाला, बाई, तीनदा माणूस पाठवला तुमच्याकडे, कपाट जिन्याच्या वळणात बसत नाही, दोन भाग करून आणू का विचारायला. तिन्ही वेळा तुमच्या दारातून हाकलला. आता निरोप येत नाही तोवर मी कपाट कापू कसं आणि आणू कसं?"

"त्यानं नाव सांगितलं नाही," फौजदार म्हणाले.

"तुम्ही विचारून त्याला बोलू दिलंत का? 'आम्ही कुणाला बोलावलं नाही' म्हणून कडी लावलीत. मी आत वाट बघतेय, तो तिकडे वाट बघतोय, आणि खरा कारभारी दाराआड उभा."

मी भांडायला आणलेले शब्द विसरले. "सर," मी म्हणाले, "सिक्समध्ये हेच असतं."

"काय असतं?"

"फोरमध्ये माहितीचं खोकं मोठं झालं तर वाटेतला माणूसच त्याचे तुकडे करून पुढे पाठवायचा. सिक्समध्ये वाटेतलं कुणी तुकडे करत नाही. खोकं बसलं नाही की तो परत निरोप धाडतो, लहान करून पाठवा. पाठवणाऱ्यानं करायचं. तो निरोप आपल्या फाटकातून आत आला नाही, तर आपला कॉम्प्युटर तेच मोठं खोकं पाठवत बसतो. यादी लहान, ती जाते. एक्स-रे मोठा, तो अडतो. आणि ज्या डॉक्टरांची वाट रुंद आहे, त्यांचं चालतं."

"मला माहीत आहे ते," फौजदार तुटकपणे म्हणाले. "नववी मागणी. त्या निरोपाला वाट दिली आहे. टिक आहे वहीत."

"टिक आहे, सर. पण कपाट आलं का?"

काकू हसल्या. ते हसले नाहीत. त्यांनी रिकाम्या भिंतीकडे पाहिलं. मग उठले, पायात चपला सरकवल्या आणि मला पहिल्यांदाच एकेरीत म्हणाले, "चल."

आम्ही ऑफिसात आलो. मजला रिकामा होता. त्यांनी फाटकाच्या नियमांची पूर्ण यादी उघडली, माझ्यासमोर, पेन्सिलवाल्या माणसासमोर. माझ्या नवव्या मागणीचा नियम बेचाळिसाव्या जागी होता, अगदी जसा हवा तसा. "हा बघ," ते म्हणाले. आवाजात सुटका होती. माझा मात्र शेवटचा आधार गेला.

मग त्यांचं बोट हळूहळू वर जायला लागलं. एकेचाळीस, चाळीस, एकोणचाळीस. फाटकाचे नियम वरून खाली वाचले जातात. पहिला लागू पडला की पुढच्यांना कोण विचारतो? बोट एकावर आलं आणि थांबलं. बाहेरून आलेला कुठलाही निरोप आत सोडू नये. पुढे त्यांच्या नावाची आद्याक्षरं. तोच हारवाला नियम. सिक्सचं फाटक उभं राहिलं त्या दिवशी, मी ऑफिसात पाऊल टाकायच्या तासभर आधी, त्यांनी जुन्या फाटकावरून तो उचलून नव्यावर सगळ्यात वर ठेवला होता. वाईट हेतूनं नाही. घर बांधलं की माणूस आधी कडी लावतो, तशी ती कडी होती. सगळ्यांच्या नियमांना "कशाला?" विचारणाऱ्या माणसानं हा एक नियम कधी विचारलाच नव्हता. पाच महिने काखेत कळसा होता आणि आम्ही गावाला वळसा घालत होतो.

मी हात पुढे केला. "काढू?"

"हात लावू नका." पुन्हा अहोजाहो. "उद्यापर्यंत आहे तसाच राहील. गिऱ्हाईक फोरवर आहे, कुणाचं अडत नाही."

मी मोबाइल काढला आणि स्क्रीनचा फोटो घेतला. लपून घेणार होते, पण त्यांचं लक्ष होतंच. "घ्या," ते म्हणाले. "घ्यायलाच हवा."

त्या वाक्यानंही माझं समाधान झालं नाही. घरी येऊन मी फोटो तीन ठिकाणी जपून ठेवला. नियम उद्यापर्यंत का ठेवायचा? चावी त्यांच्याकडे, वही त्यांच्याकडे, बावीस वर्षांची पत त्यांच्याकडे. एक बटण दाबलं की नियम गेला, आणि सोमवारी सिक्स आपोआप चालू लागलं की म्हणतील, बघा, मॅडमनी गुपचूप काहीतरी सुधारलं. माझा फोटो कोण मानणार? माझ्या नावापुढे तर 'कोणाला?' लिहिलेलं. आईनं विचारलं, "बरं नाही का?" मी म्हटलं, डोकं दुखतंय.

सोमवारी दहाला मीटिंगमध्ये आम्ही सात जण होतो. साहेबानं घड्याळ बघितलं. "सर, वही काय म्हणते?"

फौजदारांनी वही उघडली आणि वाचायला लागले. पहिली वेळ, तारीख, शेवटचा हात माझा. दुसरी वेळ, तारीख, शेवटचा हात माझा. तिसरी वेळही तशीच. मी टेबलाखाली मोबाइल इतका घट्ट धरला होता, की बोटं दुखायला लागली.

"म्हणजे स्पष्टच आहे," साहेब म्हणाला.

"स्पष्ट आहे, पण चूक आहे," फौजदार म्हणाले. "शेवटचा हात बघत बसलो. पहिला बघितलाच नाही."

ते उठले आणि त्यांनी भिंतीवर नियमांची यादी लावली. नियम पहिला जिथल्या तिथे होता. "पंचनामा झाल्याशिवाय वस्तू हलवायची नसते, म्हणून ठेवला. हा माझा." त्यांनी एक्स-रे केंद्राला सिक्सवर नेलं आणि स्पीकरवर डॉक्टरांना फोन लावला. यादी दिसते, चित्र नाही. मग त्यांनी बेचाळिसावा नियम उचलून एकच्या वर नेऊन ठेवला. "आता बघा, डॉक्टर."

तिकडून खुर्ची सरकल्याचा आवाज आला. "हां. गुडघा. व्यवस्थित गुडघा दिसतोय."

कुणीतरी फुसकन हसलं. साहेबाला गोष्ट लवकर संपल्याचा आनंद झाला होता. तो म्हणाला, "चला, सापडलं ना, सोडून द्या सर, होतं असं." फौजदारांनी त्याला हातानंच थांबवलं. "मला ही पाच महिने चोर वाटत होती," ते म्हणाले, माझ्याकडे न बघता. "तेही मिनिट्समध्ये लिहा."

त्या दुपारी मला पक्कं झाल्याचं पत्र मिळालं. मी माझ्या खुर्चीतूनच, नेहमीच्या आवाजात आईला फोन केला आणि आधी खोटं बोलले होते तेही सांगून टाकलं. ती रागावली, मग रडली, मग म्हणाली, पत्र घडी न घालता आण. तीन टेबलांपलीकडे फौजदार काहीतरी लिहीत होते.

ते हॉलमध्ये गेले तेव्हा मी वही उघडली. खोटं कशाला बोलू, मला माझं नाव शाईत बघायचं होतं. ते पेन्सिलीतच होतं. वर्ष कुठे झालं होतं? जिन्यातल्या फोनच्या नोंदीही होत्या, पण 'कोणाला?' खोडून तिथे 'आई' लिहिलं होतं.

पहिल्या पानावरचं पहिलं नाव मात्र नव्हतं. निळ्या शाईवर पट्टीनं सरळ रेघ मारलेली होती. ते नाव मला पानाच्या तळाशी सापडलं, माझ्या नावाच्या खाली, सगळ्यात शेवटी. पेन्सिलीनं लिहिलेलं, आणि पुढे आजची तारीख.